पांढऱ्या गाठी

मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाला भोक पडलं आणि काकूचा संयम सुटला, असं आमच्याकडे सगळे सांगतात. पण खरं सांगू का, संयम आधीच सुटला होता, कोट नुसतं निमित्त झाला. तोवर भोकं घरातल्या घरात होती. आत्याची चादर, बाबांचा स्वेटर, माझा स्कार्फ, वरच्या खोलीतला पडदा, उशीचा अभ्रा. प्रत्येक वेळी तेच. बटणाएवढं भोक, कडा स्वच्छ, आणि आपण आरडाओरडा करेपर्यंत आजीने ते रफू करून टाकलेलं. तेही असं की बोट फिरवल्याशिवाय जागा सापडणार नाही. म्हणजे बघा ना, चोराने भांडी पळवायची आणि घासूनपुसून परत आणून ठेवायची, तसला प्रकार.

त्यामुळे सगळ्यांनी एकच अर्थ काढला होता. आजीच कापते आणि आजीच शिवते. तिच्या डोक्यातून गेली दोन-तीन वर्षं एकेक गोष्ट गळत चालली आहे, आमची नावं, आजोबा गेल्याचं, सकाळी जेवली की नाही ते. राहिलंय फक्त रफूकाम. आणि आता आमच्या रफूच्या दुकानात कोण येतंय? लोक फाटलं की टाकतात. आत्याने दुकान चालवायला धुलाई आणि इस्त्री सुरू केली त्यालाही कितीतरी वर्षं झाली. तर हातांना काम नाही म्हणून आजी स्वतःच काम तयार करते, हे सगळ्यांना पटलं होतं.

मला नव्हतं पटलं. पण मला घरात रेडिओ म्हणतात. रेडिओला काय पटतं हे कोण विचारतंय!

तर शनिवारी मुख्याध्यापिकाबाई कोट न्यायला आल्या, त्यांनी तो उजेडात धरला आणि खिशाच्या खाली भोक. रफू न झालेलं, ताजं. बाई शाळेत बोलतात तशा बोलल्या, दुकानात आणखी दोन गिऱ्हाईकं उभी असताना, आणि आत्या कान पकडून उभं राहावं तशी ऐकत राहिली. "कोट सोमवारी नवा करून द्या, नाहीतर या रस्त्यावरचं एकही घर तुमच्याकडे कपडा टाकणार नाही, ते मी बघते," म्हणाल्या. त्या बघतातच. सगळ्या रस्त्याला त्यांनीच शिकवलंय.

रविवारी जेवण झाल्यावर काकूने सगळ्यांना दुकानात बोलावलं. शटर अर्धं ओढलेलं. मधे पणजीचं लांब टेबल, ज्यावर इस्त्रीचे डाग आहेत आणि ज्याच्यापायी आजोबा गेल्यावर काका, आत्या आणि बाबा या तिघा भावंडांचं भांडण झालं होतं. भिंतीवर खुंट्या. एका भिंतीवर गिऱ्हाइकांचे कपडे, समोरच्या भिंतीवर घरातले. आणि रस्त्याच्या बाजूच्या मोठ्या खिडकीत आजी, तिच्या खुर्चीत, मांडीवर कापड ताणायची रिकामी रिंग घेऊन. ती आमच्याकडे बघत होती, पण वाट बघणाऱ्या माणसाकडे दुकानदार बघतो ना, तशी.

काकूने पिशवी टेबलावर उपडी केली. चादर, स्वेटर, स्कार्फ, पडदा, अभ्रा, आणि सगळ्यात वर कोट.

"मी काही बोलत नाही," काकू म्हणाली. "कपडेच बोलू देत."

"वहिनी, आपल्या घरात कपडे बोलायला लागले ना," बाबा म्हणाले, "तर पहिली तक्रार माझा पायजमा करेल."

कुणी हसलं नाही. बाबांचं असंच असतं, ताण आला की विनोद करतात आणि मग स्वतःच खाली बघतात.

"कात्र्या कपाटात आहेत," आत्या म्हणाली. तिने गळ्यातली दोरी ओढून किल्ली बाहेर काढली. "किल्ली ही. आंघोळीलासुद्धा काढत नाही मी. आई धागासुद्धा दाताने तोडते हल्ली."

"मग भोकं काय आभाळातून पडली?"

"कसर असेल."

"कसर एवढं गोल खाते होय, वन्सं? कंपास घेऊन?"

काकू आत्याला एरवी वन्सं म्हणत नाही. वन्सं निघालं की समजायचं, आता आवरत नाही. काकू डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर तपासते, दिवसभर लोकांना खालची ओळ वाचायला लावते, त्यामुळे समोरच्याला दिसत नसेल तर ते कबूल करून घ्यायची तिला सवय आहे.

"तळ्यापलीकडच्या वृद्धांच्या संस्थेत एक खोली मोकळी झाली आहे," ती म्हणाली. "हो की नाही ते उद्या सांगायचंय. नाहीतर ती खोली दुसऱ्याला जाईल. मी बघून आले. बाग आहे. नर्स आहे. दाराला कुलूप आहे."

"कुलूप आहे हे काय कौतुकाने सांगतेस?" आत्या म्हणाली.

"हो, कौतुकानेच सांगते."

आता हे तेव्हा मला कळलं नव्हतं, काकूने नंतर एकदा बस थांब्यावर उभ्या उभ्या सांगितलं. तिच्या आईचंही असंच झालं होतं. एका थंडीत दार उघडं राहिलं, आई बाहेर गेली, सापडली, जिवंत सापडली, पण छातीत सर्दी बसली ती उतरलीच नाही. दार कुणी उघडं ठेवलं यावरून काकूची भावंडं अजून एकमेकांशी बोलत नाहीत. काकू म्हणाली, "मला तुमच्या आजीला कुठे टाकायचं नव्हतं गं. मला फक्त त्या टेबलाभोवती कुणी दार उघडं ठेवणारं नको होतं." पण त्या दिवशी टेबलाभोवती हे कुणाला माहीत? आम्हाला दिसत होती ती फक्त पिशवी उपडी करणारी काकू.

"ताई," बाबा आत्याकडे वळून म्हणाले, "एक सांगू? रागावू नकोस."

"रागावणारच आहे. सांग."

"तुझी झोप होत नाही. तू काल इस्त्री लावून विसरलीस. आई नाही विसरली, तू विसरलीस. म्हणजे वहिनीचं अगदीच काही…"

"वा!" आत्या म्हणाली. "वा रे वा! परवा फोनवर कोण म्हणत होतं, ताई, आईला हलवायचं नाही, मी आहे तुझ्या पाठीशी? पाठ कुठे गेली ती?"

"मी तिकडे नाही गेलोय. मी मधे आहे."

"मधे टेबल आहे. मधे कुणी बसत नाही."

आणि आत्याने स्कार्फ उचलून उगाच घडी घालायला घेतला. आत्याचं सांगते. ती चिडली होती बाबांवर, पण त्याहून जास्त स्वतःवर. कारण काकूने खोलीचं सांगितल्यावर तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती अशी, की एक आख्खी दुपार झोपता येईल. खिडकी बंद करून, किल्ली गळ्यातून काढून. हे तिनेच मला सांगितलं, आणि वर म्हणाली, रेडिओ, हे प्रसारित करायचं नाही. करतेय आता. माफ कर आत्या.

काका यात कुठे होता? काका टेबलाच्या डाव्या टोकाला होता. लहानपणापासून त्याची जागा तीच, कारण दुसरीकडे कुठे बसला की जेवताना शेजारच्याच्या बरगडीत त्याचं कोपर जातं. तो चहात बिस्किट बुडवत होता. काका लिफ्ट दुरुस्त करतो. दिवसभर वर नाहीतर खाली, अंधाऱ्या खोबणीत बसून केबल सोलायची, मग घरी आल्यावर तोंड उघडायला त्याला वेळ लागतो, असं काकू म्हणते. दर गुरुवारी दोन कामांच्या मधे तो आजीजवळ येऊन बसतो, म्हणजे आत्याला बाजारात जाऊन धागे-बटणं आणता येतात. बाकी त्याचं कुणाशी काही नसतं.

"अहो," काकू त्याला म्हणाली, "तुमची आई आहे. बोला काहीतरी."

काकाने बिस्किट बुडवलं.

"तुम्ही ठरवाल ते," तो म्हणाला.

"दादा," आत्या म्हणाली, "तू पण?"

तिने हे इतक्या हळू विचारलं की मला वाटलं आता तो काहीतरी म्हणेल. बिस्किटाचा तुकडा मोडून चहात पडला. काका त्या कपात बघत राहिला.

झालं. तीन एका बाजूला, आत्या एकटी. मला कुणी विचारलं नाही, पण मी ठरवून टाकलं की मी आत्याकडे, आणि टेबलाला वळसा घालून तिच्या बाजूला जाऊन उभी राहिले. जाताना माझा धक्का लागून कोट खाली पडला.

"ए मुली!"

आजी. सगळे दचकले. आपण तिच्याबद्दल बोलत असतो ना, तेव्हा ती तिथे आहे हे विसरलेलंच असतं.

"गिऱ्हाइकाचा माल असा पाडतात होय? आण इकडे."

मी कोट उचलून तिला दिला. तिने आधी कॉलर उलटली आणि आतली गाठ बघितली.

गाठीचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या दुकानात पणजीपासूनची पद्धत आहे. कपडा हातात आला की कॉलरच्या किंवा दुमडीच्या आतल्या बाजूला रंगीत धाग्याची बारीक गाठ मारायची. गिऱ्हाइकाला पांढरी. घरातल्या प्रत्येकाला आपापला रंग. काकाला निळा, आत्याला हिरवा, बाबांना पिवळा, मला केशरी. काकू लग्न होऊन आली तेव्हा आजीने तिला जांभळा दिला होता, आणि तो मिळेपर्यंत काकूला म्हणे घरात आल्यासारखंच वाटलं नव्हतं. घरातले आणि गिऱ्हाइकांचे कपडे एका पाण्यात गेले तरी चालायचं, गाठ बघून लावायचे.

पण वर्षभरापासून आजी सगळ्यांना पांढरीच गाठ मारते. चादरीला पांढरी, बाबांच्या स्वेटरला पांढरी. पहिल्यांदा आत्याच्या ब्लाउजला पांढरी गाठ दिसली तेव्हा आत्या धुलाईच्या मशीनमागे जाऊन रडली होती. बाबा म्हणाले होते, चला, सगळेच गिऱ्हाईक झालो, निदान सेवा तरी चांगली मिळेल. जुने रंगीत धागे अजून डब्यात आहेत. तिचा हात तिकडे जातच नाही.

आजीने भोकात बोट घातलं. कापड खिडकीच्या काचेवर धरलं. मग चष्मा कपाळावर ढकलून अगदी नाकाजवळ आणलं.

"कसरीचं नाही हे," ती म्हणाली.

"सांगितलं नव्हतं मी?" काकू पुटपुटली.

"खिळ्याचंही नाही. कात्रीचं तर नाहीच." आजीचा आवाज बदलला होता. खरंच सांगते, तीस वर्षांनी लहान झाल्यासारखा. "कात्री दोन्ही बाजूंनी दाबते, कडा चपटी होते. ही चपटी नाही. हे पात्याने कापलंय. वाकड्या पात्याने. आणि कापणारा घाईत होता."

बाबा पुढे सरकले. "आई, अजून काय दिसतं?"

"तुम्ही जरा बाजूला व्हा, साहेब." बाबा साहेब झाले आणि बाजूला झाले. "हे बघा, सगळे धागे इकडे झुकलेत. आपण कापलं की असे झुकतात." तिने उजव्या हाताने हवेत पातं ओढून दाखवलं. "हे उलटे आहेत. हा माणूस डावखुरा आहे."

बघा, आम्ही काही कुणी पोलीस नाही. पण चौघांच्या चारही माना एकदम टेबलाच्या डाव्या टोकाला वळल्या. काका चहातून बिस्किटाचा लगदा चमच्याने काढत होता. चमचा डाव्या हातात.

चमचा थांबला.

"अहो?" काकू म्हणाली.

काकाने चमचा बशीत ठेवला. मग खिशात हात घातला आणि केबल सोलायचा चाकू टेबलावर ठेवला. लाकडी मूठ, चोचीसारखं वाकडं पातं. मला तो चाकू माहीत होता! मी त्याने पेन्सिली तासल्यात! आणि मी अख्खा महिना उंदरांपासून इस्त्रीवाल्या मशीनपर्यंत सगळ्यांवर संशय घेत फिरत होते.

"कोट चुकून झाला," काका म्हणाला. "मला वाटलं, हिचा आहे." त्याने आत्याकडे बोट केलं. "घरातल्या खुंटीवर होता. आत बघितलं तर पांढरी गाठ. पण पांढरी तर हल्ली सगळ्यांनाच असते. आईला शिवायला द्यायच्या आधीच कामावरून फोन आला, तसाच टांगून गेलो."

आत्या कोटाकडे बघत राहिली. "मीच टांगला होता तिथे," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाच्या खुंट्या भरल्या होत्या."

"आणि बाकीची?" बाबांनी विचारलं. "माझा स्वेटर?"

"ती चुकून नाही."

आणि मग काकू उठली. काकू काकाला सगळ्यांसमोर नेहमी अहो-जाहो करते, घरी काय करते देव जाणे. त्या दिवशी ती टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाली:

"तू. तू कापत होतास. आणि मी इथे सगळ्यांच्या डोळ्यांवर आले. मी खोल्या बघत फिरले. मी तुझ्या बहिणीला चोरासारखं उभं केलं. आणि तू कोपऱ्यात बसून बिस्किटं बुडवत होतास? आत्ता, आत्ता तू म्हणालास, तुम्ही ठरवाल ते! आईला घालवणार होतास, पण तोंड उघडणार नव्हतास?"

"उघडणार होतो."

"कधी? बिस्किटं संपल्यावर?"

"वहिनी, श्वास घे," आत्या म्हणाली. आणि ती काकूच्या शेजारी जाऊन उभी राहिली. म्हणजे बघा, पाच मिनिटांपूर्वी या दोघी एकमेकींना खात होत्या, आता खांद्याला खांदा लावून काकासमोर. बाबा अजून मधेच होते, पण आता दोन्हीकडून कुणी त्यांना बोलवत नव्हतं.

"का पण, दादा?" आत्याने विचारलं.

काकाने कप फिरवला. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग तो जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत सांगते, कारण त्याला इतकं सलग बोलताना मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं.

"लिफ्टच्या दारात बाही अडकली माझी. फाटली. गुरुवार होता, तसाच इथे आलो. आई मला ओळखत नव्हतीच, काय काम आहे म्हणाली. मी बाही दाखवली. काढा म्हणाली. बसली शिवायला. मी बघत उभा राहिलो. आणि मधेच, वर न बघता, म्हणाली, उजेडखाऊ, सरक तिकडे."

मला कळेना. बाबांना कळलं. त्यांचं तोंड एकदम लहान मुलासारखं झालं.

"तिने ठेवलेलं नाव," बाबा मला म्हणाले. "दादाचं. हा शाळेतून आला की हिच्यासमोर येऊन उभा राहायचा, नेमका खिडकीच्या मधे. सगळा उजेड खायचा. मी विसरलोच होतो."

"मी नव्हतो विसरलो," काका म्हणाला. "पुढच्या गुरुवारी आलो, तर परत, काय काम आहे? माझ्याकडे फाटकं काही नव्हतं. मग तो अभ्रा दिसला." त्याने चाकूची मूठ सरळ केली. "दर वेळी म्हणते असं नाही. चार वेळा कापलं की एकदा म्हणते. पण शिवायला लागल्याशिवाय म्हणतच नाही."

"मला सांगायचंस," आत्या म्हणाली.

"काय सांगू? मोठा बाप्या झालो, दोन इमारतींच्या लिफ्ट माझ्यावर चालतात, आणि आईने एकदा हाक मारावी म्हणून मी चादरी कापतो, हे सांगू?"

बाबांना हसू फुटलं. वाईट वेळी फुटलं, दाबायला गेले तर नाकातून आलं. मग आत्याला फुटलं. काकूने आधी त्या दोघांकडे जळजळीत बघितलं आणि मग तीही खुर्चीत बसून, डोक्याला हात लावून, हसली की रडली कोण जाणे. काका तेवढा हसला नाही. त्याने उरलेला चहा एका घोटात संपवला.

"मग खोलीचं?" बाबांनी विचारलं.

काकूने नाक पुसलं. डोळ्यांच्या दवाखान्यातला आवाज परत आणला. "उद्या नाही म्हणून कळवते. पण ऐका सगळे. दुकानावरच्या घराच्या दाराला चांगली कडी पाहिजे, बाहेरून नाही, आतून, आणि उंचावर. ती तू बसवायची, आजच. वन्सं एक दिवस झोपणार, त्या दिवशी आई आमच्याकडे. आणि पुढच्या वर्षी आपण परत बसू. तेव्हा मी पिशवी आणली तर मला कैदाशीण म्हणायचं नाही."

"कोण म्हणालं कैदाशीण?" बाबा म्हणाले.

"तू. जिन्यात. ऐकलं मी."

बाबा कपड्यांच्या ढिगाकडे बघायला लागले.

"आणि भोकं?" मी विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं ना!

"भोकं पाडायचीच तर आपल्या घरातून कापड आण," काकू काकाला म्हणाली. "जुन्या चादरी आहेत माळ्यावर. पाहुण्यांच्या टेबलक्लॉथला हात लावलास तर मी तुला त्या संस्थेत टाकेन. खोली बघितलेलीच आहे."

तोपर्यंत आजीचं काम सुरू झालं होतं. आमच्या एवढ्या गोंधळात तिने कोटाच्या आतल्या दुमडीतून त्याच कापडाचे धागे ओढून काढले होते, रिंग लावली होती, आणि एकेक धागा वर-खाली, वर-खाली चालला होता. रफूत बाहेरचा धागा वापरत नाहीत. कपड्याचं भोक कपड्याच्याच पोटातल्या धाग्याने भरायचं. आम्ही सगळे हळूहळू खुर्च्या ओढून तिच्याभोवती बसलो. कुणी ठरवलं नाही. आत्याने पाय वर घेतले. भोक लहान होत गेलं, मग राहिलंच नाही. आजीने कोट झटकला, कॉलर उलटली, जुनी गाठ ठीक आहे ना बघितलं. पांढरी. गिऱ्हाइकाचा कोट, गिऱ्हाइकाची गाठ.

"पुढचं?" ती म्हणाली.

आम्ही एकमेकांकडे बघितलं. काकाने अंगातलं तपकिरी जाकीट काढलं. तेच, ज्याच्या बाहीवर पहिलं रफू होतं. त्याने ते टेबलावर पसरलं, चाकू डाव्या हातात घेतला आणि काकूकडे बघितलं, परवानगी मागितल्यासारखं. काकूने एक उसासा टाकला आणि दोन्ही बाजूंनी कापड ताणून धरलं.

"सरळ काप निदान," ती म्हणाली. "हलू नकोस."

खालच्या शिवणीच्या अगदी जवळ त्याने बटणाएवढं भोक पाडलं आणि जाकीट आजीसमोर नेलं.

"काय काम आहे?" आजीने विचारलं.

"फाटलंय," काका म्हणाला.

तिने बोट घातलं. काचेवर धरलं. नाकाजवळ आणलं. सगळं परत तेच. मग शिवायला बसली. काका तिच्यासमोर उभा राहिला, आणि मी शपथेवर सांगते, तो मुद्दाम खिडकीच्या मधे उभा राहिला. आम्ही सगळे वाट बघत होतो. आता म्हणेल. आता म्हणेल. बाबांनी माझा हात धरला होता, दुखेल इतका.

ती काहीच म्हणाली नाही. धागा वर, धागा खाली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. काकाच्या सावलीत तिला नीट दिसत नसणार, ती कापड वाकडंतिकडं करत होती, तरी काही म्हणाली नाही. काकाचे खांदे हळूहळू खाली आले.

रफू संपलं. आजीने जाकिटाची कॉलर उलटली. आतली पांढरी गाठ बघितली, तिनेच कधीतरी मारलेली. तिने ती नखाने उचलली आणि दाताने तोडली.

"कुणी मारली ही?" ती म्हणाली, रागावून. "डोळे फुटले होते का?"

आणि तिचा हात डब्यात गेला. पांढऱ्या रिळावरून पुढे गेला. हिरव्यावरून, पिवळ्यावरून. निळं रीळ तळाशी होतं, तिने न बघता काढलं, धागा ओवला आणि कॉलरच्या आत बारीक गाठ मारली. मग घडी घातली, बाह्या आत, जशी ती नेहमी घालते, आणि जाकीट काकासमोर धरलं.

"हे माझ्या मोठ्याचं आहे," ती त्याला म्हणाली. "तो आला की द्या त्याला. आणि सांगा, कापायचंच असेल तर शिवणीजवळ कापू नकोस म्हणावं. धागा पुरत नाही मला."

काकाने दोन्ही हातांनी जाकीट घेतलं.

"सांगतो," तो म्हणाला, आणि उजेडातून बाजूला झाला.